शिबिरास निघालेल्या मुलीसाठी

परीक्षा आटोपून सुट्टीचे वेध लागले, की शाळा-महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर शिबिरांची पत्रके झळकू लागतात. आणि ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे, त्या घरी रात्रीच्या जेवणानंतर तिला पाठवावे की न पाठवावे ही मसलत सुरू होते. मुलाच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा प्रवासखर्चापाशी मिटतो. मुलीच्या बाबतीत मात्र आजीच्या काळजीपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मतापर्यंत सर्वांची संमती गोळा करावी लागते. मुलींच्या तुकड्यांबरोबर सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि कोकणातील खेड्यापाड्यांत मी अनेक वर्षे मुक्काम केलेला आहे, आणि त्या अनुभवाच्या आधारे माझे मत निःसंदिग्ध आहे : मुलीस अवश्य पाठवावे. परंतु तिला सुखरूप परत आणण्याची जेवढी तजवीज आपण करतो, तेवढीच, तेथे तिच्यावर खरे काम सोपवले जाईल याचीही करावी. कारण जी तुकडी आपली जबाबदारी स्वतः पेलते, तीच सर्व छावणीत सुरक्षित राहते, असे मी पुनःपुन्हा पाहिले आहे.

मुलींनी या क्षेत्रात कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहिलेली नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हा बालवीरांसारखा पोशाख करून काही मुली तेथे आपण होऊन हजर झाल्या, आणि पुढील वर्षी बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी आपल्या भगिनी ॲग्नेस यांच्या साहाय्याने मुलींची स्वतंत्र संघटना उभी केली. ही गाईड चळवळ १९११ मध्ये जबलपुरास पोचली, आणि १९६६ मध्ये जगभरच्या गाईड मुलींसाठी 'संगम' हे जागतिक केंद्र पुण्यात स्थापन झाले. १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलामुलींना एकाच मैदानावर, एकाच श्रमदानात आणि पुढे कलापथकाच्या एकाच रंगमंचावर आणले, ही त्या काळाच्या मानाने असामान्य गोष्ट होती. मृणाल गोरे यांच्यासारख्या तरुणीने वैद्यकाचे शिक्षण सोडून त्या कामात उडी घेतली, ती अशाच वातावरणात. राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ मध्ये निघाला, आणि १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वेळी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेमुळे तर सात दिवसांचे निवासी शिबिर ही हजारो महाविद्यालयीन मुलींच्या आयुष्यातील घराबाहेरची पहिली वस्ती ठरली. तेव्हा 'आमच्या घरात ही पद्धत नाही' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस, ही पद्धत त्यांच्या स्वतःच्या जन्मापूर्वीची असण्याचा संभव आहे, एवढे नम्रपणे सांगावे.

आता चौकशीकडे वळू. संयोजक कोण, एवढे विचारून थांबू नये. मुलींच्या निवासात रात्री कोणती शिक्षिका अथवा कार्यकर्ती झोपते, आणि ती तेथेच झोपते की शेजारच्या इमारतीत, हे स्पष्ट विचारावे. पिण्याचे पाणी कोठून येते, संडास कोठे आहेत व त्यांना आतून कडी आहे काय, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे आणि रात्री दोन वाजता तेथपर्यंत नेण्यास वाहन कोणते, हे प्रश्न विचारण्यात काडीचाही संकोच बाळगू नये. जो संयोजक या प्रश्नांनी रागावतो, त्याच्या हाती मुलगी देऊ नये. जो उत्तरादाखल आपली वही उघडून दाखवतो, त्याच्याकडे निर्धास्तपणे पाठवावी.

एक प्रश्न मात्र बहुतेक पालक विसरतात, आणि माझ्या मते तोच पहिला असावा : कार्यक्रमात नदी, धरण अथवा समुद्र आहे काय? घरी बसून आपण ज्या संकटांची कल्पना करीत राहतो, त्यांपेक्षा पाण्याचे संकट कितीतरी अधिक खरे आहे. कोकणातील किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वरून शांत दिसणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. धरणाच्या जलाशयात काठापासून दोन पावलांवर तळ एकदम खोल जातो. आणि सह्याद्रीतल्या रांजणखळग्यांत उतरलेली व्यक्ती शेवाळामुळे बाहेर येऊ शकत नाही. मुलींच्या जोड्या लावून दर काही मिनिटांनी हजेरी घेणे, गुडघ्याच्या वर पाणी चढू न देणे, पोहणारी व दोर घेतलेली माणसे काठावर उभी करणे, हा बंदोबस्त जेथे नसेल तेथे पाण्यात उतरण्यास मज्जाव असलाच पाहिजे. आणि मुलीलाही हे आधीच बजावून ठेवावे, म्हणजे मैत्रिणींच्या आग्रहाच्या वेळी तिच्यापाशी तिचा स्वतःचा निर्णय तयार असतो.

सामानाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जेवढे ओझे मुलगी स्वतः उचलून एक मैल चालू शकते, तेवढेच तिने न्यावे, आणि ते तिनेच भरावे. आईने भरून दिलेल्या पिशवीत काय कोठे आहे हे मुलीस पहिल्या रात्री अंधारात सापडत नाही. विजेरी, शिट्टी, पाण्याची बाटली, जुने व पायाला सरावलेले बूट, पूर्ण बाह्यांचे दोन सदरे, सुई-दोरा, आणि नित्याचे औषध असल्यास त्याची चिठ्ठी, हे जिन्नस विसरू नयेत. नवे बूट मात्र नेऊ नयेत.

ज्या गोष्टीविषयी पत्रकात एक अक्षरही नसते आणि जिच्यामुळे मुलींची शिबिरे खरोखर नासतात, तिच्याविषयी सविस्तर बोलले पाहिजे. ती गोष्ट म्हणजे शौचाची अडचण. संडास लांब आहे, अंधार आहे, कडी लागत नाही, बाहेर मुलांची रांग आहे, अशा कारणांनी मुली सकाळपासून पाणी पिणेच सोडून देतात. मे महिन्याच्या उन्हात श्रमदान करून दुपारी डोके धरून बसतात, तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते, आणि लाजेपोटी हे कोणासही न सांगता त्या ताप येईपर्यंत सोसतात. ज्या मुलीस 'उन्हाची सवय नाही' म्हणून सावलीत बसवले जाते, तिला पुष्कळदा केवळ पाणी पुरेसे मिळालेले नसते. म्हणून मुलींनो, तहान लागो वा न लागो, दर तासाला पाणी प्या. चक्कर आल्यास क्षार-शर्करेची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण विरघळवून घोटघोट घ्या. आणि रात्री जोडीने जाण्याचा शिरस्ता पहिल्याच दिवशी पाडून घ्या, म्हणजे कोणा एकीला दुसरीला उठवण्याचा संकोच वाटणार नाही. संयोजकांसही माझे आग्रहाचे सांगणे आहे, की मुलींच्या तुकडीने पहिल्या दुपारी पहिले काम करावे ते हेच. कणकवलीजवळ गोपुरीस अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीच्या ध्यासातून ग्रामीण संडासांचे जे प्रयोग केले, त्यांचा धडा आजही उपयोगी आहे : उथळ चर, दोन्ही बाजूंस पाय ठेवण्यास फळ्या, भोवती तट्ट्यांचा आडोसा, आणि प्रत्येक वापरानंतर मूठभर माती. विहिरीपासून किंवा ओढ्यापासून हा चर किमान शंभर फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. ज्या मुली हा चर स्वतः खणतात, त्या पुढे सात दिवस त्याची स्वच्छताही अभिमानाने राखतात.

मासिक पाळीचेही तसेच. शिबिराच्या तारखा पाळीच्या तारखांवर आल्या म्हणून जाणे रद्द करू नये, आणि पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मुळीच घेऊ नयेत. प्रवासाच्या दगदगीने पाळी अवेळी येण्याचा संभव असतो, म्हणून तारीख नसली तरी पॅड बरोबर असावेतच. ते चार-सहा तासांनी बदलावे, कागदात गुंडाळून ठरलेल्या डब्यात टाकावे, आणि कापडी घडी वापरणारीने ती उन्हात खडखडीत वाळवावी, आडोशाच्या ओलीत लपवून ठेवू नये. अजूनही काही शिबिरांत, 'बाजूला बसलेल्या' मुलीने स्वयंपाकघरात अथवा प्रार्थनेला येऊ नये, असा दंडक कोणीतरी घरून घेऊन येते. जी टोळीनायिका तो चालू देते, ती सबंध तुकडीला सात दिवसांत चुकीचे शिक्षण देऊन घरी पाठवते. त्या मुलीला विश्रांती हवी असल्यास द्यावी, आणि भाकऱ्या थापण्याची तिची पाळी असेल तर ती तिची तिला थापू द्यावी.

रात्रीच्या मुक्कामासंबंधी दोन प्राण्यांची ओळख करून देते ती भीती घालण्यासाठी नव्हे. मण्यार हा सर्प रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश इतका सूक्ष्म असतो की झोपलेल्यास पुष्कळदा पत्ताही लागत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळणे कठीण जाते. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचणे हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. दंशाचा नुसता संशय आला तरी कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांपैकी काहीही न करता, त्या मुलीस चालू न देता, हातपाय स्थिर ठेवून रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरचे औषध तेथेच मिळते, मांत्रिकापाशी नव्हे. कोकणात तांबड्या विंचवाचा दंशही जिवावर बेतू शकतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर अनेक प्राण वाचले, परंतु तेही वेळेवर डॉक्टर गाठणाऱ्यांचेच. बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून आपटावे आणि लाकडे उचलताना बोटे खाली घालू नयेत, एवढी सवय पुरेशी आहे.

या साऱ्या खबरदारीनंतर मुख्य विषयाकडे येते. शिबिराचा दर्जा मी कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यावरून ओळखते. जेथे मुलगे दगड वाहतात, तंबू ठोकतात व रात्री पहारा देतात, आणि मुली भाजी चिरतात, वाढतात व रांगोळी काढतात, तेथे मुलीने घरून निघून घरीच मुक्काम केला असे समजावे. तिला शिबिरात पाठवण्याचा उद्देशच तेथे पराभूत होतो. पाळ्या गटवार असाव्यात, व्यक्तिशः स्वभावावर सोडू नयेत : आज ज्या गटाकडे चूल, उद्या त्याच्याकडे पाणी, परवा सफाई, तेरवा पहारा, आणि गटात मुलगे असोत वा मुली, तक्ता बदलू नये. मुलग्यांना भात करता येत नाही ही सबब ऐकून घेऊ नये. पन्नास माणसांच्या भाताला आधण किती ठेवायचे हे सोळा वर्षांच्या मुलीलाही जन्मतः ठाऊक नसते. दोघेही एकाच चुलीपाशी, सारख्याच धुरात, डोळे पुसत शिकतात. मुलींनी आपण होऊनही एक पथ्य पाळावे : कोणी झारा हाती दिला तर तो घ्यावा, परंतु दुसऱ्या दिवशीची कुदळ सोडू नये. भांडाराचा हिशेब ठेवण्याचे काम तर मुद्दाम मागून घ्यावे. शिधा किती आला, किती लागला, उरले ते काय करावे, याचा निर्णय करताना मुलीला जो कारभाराचा अनुभव येतो, तो पुढे संस्था चालवताना आणि घर चालवताना सारखाच उपयोगी पडतो.

एका गाईड शिबिरातील प्रसंग सांगते. मे महिन्याचा शेवट होता; कापडी राहुट्यांचा तळ टेकडीच्या पायथ्याशी पडला होता, आणि वळवाची चिन्हे दिसत होती. सुती दोराचे तणावे ओले झाले की आखडतात, आणि सैल न केल्यास खुंट्या उपटून राहुटी अंगावर येते, हे दुपारी सर्वांना सांगितले होते. परंतु दुपारी ऐकलेले रात्री किती जणींना आठवते? मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळू लागला. विजेच्या उजेडात मला एक आकृती राहुट्यांमधून वाकून फिरताना दिसली. नववीतली ती मुलगी टोळीनायिका होती. तिला घरी पाण्याचा पेला उचलण्याची सवय नाही, असे निघताना तिच्या आईनेच मला सांगितले होते. डोक्यावर पोते पांघरून, दातांत विजेरी धरून, ती प्रत्येक खुंटीपाशी बसे, ताठ झालेल्या दोराची गाठ बोटांनी चाचपे, ती सैल करून पुन्हा आवळे, आणि पायाने खुंटीवरचा चिखल दाबून पुढे जाई. आपल्या टोळीची राहुटी झाल्यावर ती थांबली नाही. माझ्या राहुटीपाशी आली तेव्हा मी बाहेर येऊ लागले, तर म्हणाली, "ताई, तुमचेही तणावे सैल केलेत. पलीकडच्या दोन राहिल्यात, तिकडे कोणीतरी चला." मग आम्ही दोघी गेलो. तिला कोणी पाठवले नव्हते. ती नायिका होती, एवढेच कारण तिला पुरेसे होते. घरी तिने पेला का उचलला नाही, याचे उत्तर मला त्या रात्री मिळाले : तो उचलण्यावर कोणाचे काही अवलंबून आहे, असे तिला कोणी कधी भासू दिले नव्हते.

एकत्र राहण्यातील कटकटींचीही पूर्वकल्पना मुलीस द्यावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घराची आठवण येऊन रडू येते. बहुतेकींना येते, आणि कामात गुंतल्यावर ओसरते. त्या वेळी मोबाईलवर आईचा आवाज ऐकू आला की ते ओसरण्याऐवजी वाढते, म्हणून दिवसाकाठी ठरलेल्या वेळी एकदाच आणि थोडेच बोलणे व्हावे, आणि आईनेही 'जेवलीस का' यापलीकडे खोदखोद करू नये. एकाच शाळेतून आलेल्या मुली आपापला घोळका धरून बसतात. तो पहिल्याच रात्री मोडावा, अंथरुणे मुद्दाम अदलाबदल करून लावावीत. गडचिरोलीची मुलगी आणि मुंबईची मुलगी शेजारी झोपल्या, तरच दोघींना परस्परांच्या जिल्ह्याचे नाव नकाशाबाहेर कळते. शेकोटीपाशी गाणे म्हणता येत नसेल तर गाऊ नये, पण एखादी गोष्ट सांगावी, गावाकडची ओवी आठवावी, नकला कराव्यात; शेकोटीला प्रेक्षक होऊन बसणारी मुलगी समारोपाच्या दिवशी मनोगत मांडण्यासही उठत नाही. आणि समारोपाला कोण बोलते हे संयोजकांनी पाहावेच. सात दिवस मुली राबतात आणि आठव्या दिवशी ध्वनिक्षेपकापाशी मुलगे उभे राहतात, हे चित्र पालटणे अवघड नाही. नावे आदल्या रात्री ठरवली की पुरे.

मुलगे व मुली एकत्र असलेल्या शिबिरांविषयी पालकांच्या मनात जी धास्ती असते, तिला माझे उत्तर असे, की एकत्र काम करणे हाच परस्परांना माणूस म्हणून ओळखण्याचा उत्तम मार्ग आहे, आणि कामाने दमलेल्या तळावर उनाडपणास फारसा वाव राहत नाही. तरीही गैरवर्तन घडू शकते. आणि ते करणारा सोबतचा मुलगाच असेल असे नाही, तो आदरणीय पाहुणा किंवा वडीलधारा कार्यकर्ताही असू शकतो. म्हणून मुलीला निघण्यापूर्वी एवढे निःशंक शब्दांत सांगावे : जो स्पर्श, जे बोलणे किंवा जे एकांतात बोलावणे तुला नकोसे वाटेल, त्याला तेथल्या तेथे मोठ्याने नकार दे, ताबडतोब मुलींच्या घोळक्यात ये, आणि त्याच दिवशी सांग, आम्ही तुला 'तू तिथे गेलीसच कशाला' असे कधीही विचारणार नाही. हे शेवटचे वचन सर्वांत महत्त्वाचे, आणि ते पाळले पाहिजे. संयोजकांनी ध्यानात ठेवावे, की लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलीवरील असा अपराध कळल्यावर पोलिसांस इत्तला देणे बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू राखण्यासाठी प्रकरण आपसांत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक पहिल्याच दिवशी मुलींच्या निवासात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा.

परतल्यावर मुलगी प्रथम भरपूर झोपते. तिला झोपू द्यावे. मग ती तिच्या ओघाने बोलेल. प्रश्नांची सरबत्ती केल्यास केवळ कार्यक्रमपत्रिका ऐकायला मिळेल. घरातले एखादे काम ती आपल्या पद्धतीने करू लागली, तर तिला अडवू नये. महिन्याचा किराणा किंवा प्रवासाची आखणी यांपैकी एखादी जबाबदारी तिच्याकडे संपूर्ण द्यावी आणि मध्ये हात घालू नये. तिच्या अंगावरचे व्रण, गोचिडीचे चावे, पायाचे फोड एकदा नीट पाहून घ्यावेत. पुढील दोन-तीन आठवड्यांत तिला ताप आला, तर तो उन्हाचा म्हणून अंगावर काढू नये. हिवताप आणि झाडीतल्या किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस हे दोन्ही तेवढ्या अवधीत उद्भवतात. काख, जांघ, कानामागची जागा या ठिकाणी काळपट खपली आढळते का ते पाहावे, आणि डॉक्टरांस मुलगी कोणत्या गावी, कोणत्या तारखांना, उघड्यावर की इमारतीत मुक्कामास होती, हे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.